समुद्राच्या तळाखाली काय आहे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक आहे, पण मुद्दा थोडक्यात असा. त्यांचे भाऊ मालवाहू जहाजावर इंजिन विभागात आहेत. सात महिन्यांनी ते रजेवर आले, म्हणून ही भगिनी मुलीला घेऊन माहेरी गेली. मुलगी अकरावी सायन्सला आहे. रात्री सगळे जेवायला बसले असताना तिने विचारले, "मामू, तुमचं जहाज जिथून जातं तिथं पाणी संपल्यावर काय असतं? आणि त्याच्याही खाली?" मामू म्हणाले, "नकाशावर खोली लिहिलेली असते. चार हजार मीटर, साडेचार हजार मीटर. त्याच्याखालचं आम्हाला काय ठाऊक!" त्यावर नाना म्हणाले, "खाली काय आहे ते जाणून मुलीच्या जातीला करायचंय काय? बारावी झाली की जवळच्या कॉलेजात बी.ए. कर." मुलगी गप्प बसली. भगिनी लिहितात, "तिचा उतरलेला चेहरा मला बघवला नाही. तुम्ही उत्तर दिलंत तर ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन."

आम्ही उत्तर देतो. आधी मुलीच्या प्रश्नाचे. नानांच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ, कारण तोही टाळण्यासारखा नाही.

घरातल्या पाट्यापासून सुरुवात करू. कोकणातले घर जांभ्या दगडाचे असते, पण पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेला लाव्हा थिजला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आपला पाटा त्यातलाच तुकडा. समुद्राच्या तळावरचा गाळ बाजूला केला तर त्याखाली याच जातीचा काळा दगड आहे.

पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे हा काळा दगड वरच्या पांघरुणासारखा आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल बोअर मारली, तेव्हा एका ठिकाणी सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर संपल्यावर ग्रॅनाइट लागला. तो या लाव्हापेक्षा कितीतरी जुना. समुद्राखाली असा जुना ग्रॅनाइट नाही. तिथे वरपासून खालपर्यंत सगळे कवच लाव्हा आणि त्याच्याच भावंडांचे आहे. जमिनीखालचे कवच सरासरी पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, तर समुद्राखालचे जेमतेम सहा-सात किलोमीटर. त्याच्याखाली प्रावरण सुरू होते. पृथ्वीचा सर्वांत मोठा भाग म्हणजे हे प्रावरण.

वयातला फरक तर याहून थक्क करणारा आहे. जमिनीवर चारशे कोटी वर्षांचे दगड सापडतात. समुद्राचा तळ बहुतेक सगळीकडे वीस कोटी वर्षांच्या आतला आहे. पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटे की समुद्र म्हणजे पृथ्वीच्या आरंभापासूनची खोलगट भांडी, त्यांत सगळा गाळ साचत आला असणार. तसे असते तर तळावर गाळाचे डोंगर हवे होते. मोजला तेव्हा तो फार थोडा निघाला. म्हणजे भांडे जुने नव्हतेच, ते मागाहून घडले होते. कुठे घडले, हा प्रश्न उरला.

त्याचा पहिला धागा एका बाईच्या हाती लागला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेत मेरी थार्प नकाशे काढत असत. जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून समुद्राची खोली मोजली जाई आणि त्या आकड्यांवरून त्या तळाची चित्रे काढत. आकडे गोळा करायला जहाजावर जात ते पुरुष. बायकांना तेव्हा त्या जहाजांवर घेत नसत. १९५२च्या सुमारास अटलांटिक महासागराच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्यांना एक लांब दरी दिसली. याचा अर्थ तिथे तळ फाटतो आहे, असे त्या म्हणाल्या. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी ते बायकी बोलणे म्हणून उडवून लावले. पुढे समुद्रातल्या भूकंपांच्या जागा त्याच नकाशावर मांडल्या, तर त्या नेमक्या त्या दरीच्या रेषेत बसल्या. मग हीझेन यांनाही मानावे लागले. मेरी थार्प यांना स्वतः संशोधनाच्या जहाजावर पाऊल ठेवायला १९६८ साल उजाडले.

आज आपल्याला माहीत आहे की अशा पर्वतरांगा सगळ्या महासागरांतून सुमारे ६५,००० किलोमीटर पसरल्या आहेत. त्या माथ्यावर नवा तळ तयार होतो. तो कसा, हे स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरवरून समजेल. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांहून जास्त तापते, तरी दाबामुळे खळखळून उकळत नाही. आच तेवढीच असताना दाब एकदम उतरला की तेच पाणी उसळते. प्रावरणातला दगड असाच फार तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळे घट्ट राहतो. पर्वतरांगेखाली दोन्हीकडचे कवच एकमेकांपासून दूर सरकते, म्हणून खालचा दगड अतिशय सावकाश वर येतो. वर येताना दाब कमी होतो आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. जास्तीची आच कुणी लावत नाही, दाब उतरतो एवढेच.

वितळलेला हा शिलारस हलका असतो, म्हणून वर चढतो. त्यातला काही समुद्राच्या तळावर बाहेर पडतो. थंडगार पाण्याचा स्पर्श होताच त्याची साल थिजते आणि लोड-तक्क्यांसारखे गोळे एकावर एक रचले जातात. काही शिलारस वर येता येता भेगांतच थिजतो. भेग पुन्हा फाटते, पुन्हा भरते. असे होत होत कपाटात उभ्या लावलेल्या पुस्तकांसारखे दगडाचे उभे पडदे तयार होतात. उरलेला शिलारस खालीच राहून सावकाश निवतो. साखरेचा पाक हळूहळू निवला की खडीसाखरेचे मोठे खडे होतात, तसे या दगडात मोठे स्फटिक दिसतात. त्याला गॅब्रो म्हणतात. वर लोड-तक्के, मध्ये पुस्तके, खाली खडीसाखर, अशी समुद्राच्या तळाची रचना आहे.

नवा तळ तयार झाला की दोन्हीकडे सरकू लागतो. अटलांटिकमध्ये त्याचा वेग वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर, साधारण आपली नखे वाढतात तसा. पॅसिफिकच्या काही भागांत तो वर्षाला पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो.

हे सगळे फार दूरचे आहे असे वाटत असेल, तर नकाशा उघडा. अशीच एक रांग अरबी समुद्राच्या टोकाशी आहे. तिला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. तिचा पुढचा फाटा एडनच्या आखातात शिरतो आणि फाटण्याची तीच रेषा पुढे तांबड्या समुद्रात जाते. १९९५पर्यंत मुंबईहून जहाजाने हजला जाता येई. त्या जहाजाने जेद्दाहला गेलेली वडीलधारी माणसे तुमच्या घरात असतील, तर त्यांना सांगा की तुमच्या जहाजाखाली नवा समुद्र तयार होत होता. तांबडा समुद्र हा अजून बालवयातला महासागर आहे.

१९६२मध्ये हॅरी हेस यांनी तळ पसरत असल्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी एका ब्रिटिश जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी केली. लाव्हा निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची खूण धरून ठेवतो आणि पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटे होत आले आहे. म्हणून रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे असायला हवेत, असे केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३मध्ये सांगितले. त्यांचा मोठा आधार आपल्या बाजूच्या समुद्रातली ही मोजणी होती.

पण मोजणी वेगळी आणि दगड हातात घेणे वेगळे. विहिरीला पाणी आहे की नाही हे पाणाड्या सांगेल, खरे काय ते बोअर मारल्यावरच कळते. समुद्रात बोअर मारायची म्हणजे काय, ते पाहा. जहाज चार किलोमीटर पाण्यावर तरंगते आहे. नांगर पोचत नाही. वारा आणि प्रवाह ढकलताहेत, आणि जहाजाला एकाच जागी उभे राहायचे आहे. साडेनऊ मीटरच्या नळ्या एकीला एक जोडत खाली सोडायच्या. एवढी लांब नळी शेवयीसारखी लवते. खालचे पाते झिजले की किलोमीटरच्या किलोमीटर नळ्या वर ओढायच्या, पाते बदलायचे आणि त्याच भोकात पुन्हा घालायच्या. त्यासाठी तळावर नरसाळ्यासारखा मोठा शंकू बसवतात.

पहिला प्रयत्न १९६१मध्ये झाला. कवच पार भेदून प्रावरणाला हात लावायचा, अशी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची जिद्द होती. कवच आणि प्रावरण यांची सीमा १९०९च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांनी शोधली होती. तिला थोडक्यात मोहो म्हणतात, म्हणून योजनेचे नाव मोहोल. मेक्सिकोच्या ग्वाडालुपे बेटाजवळ साडेतीन किलोमीटर पाण्याखाली त्यांनी पाच बोअर मारल्या. सर्वांत खोल गेली ती १८३ मीटर. गाळाखाली १३ मीटर बेसाल्ट मिळाला. समुद्राच्या कवचाचा दगड असा भोक पाडून पहिल्यांदाच वर आला. चार बाजूंच्या यंत्रांनी जहाज एका जागी धरण्याची युक्तीही तिथेच कामाला आली. पुढे खर्च वाढत गेला आणि १९६६मध्ये अमेरिकी संसदेने योजना बंद केली. मोहो काही हाती लागला नाही.

दोनच वर्षांनी ग्लोमार चॅलेंजर हे जहाज निघाले. १९६८च्या डिसेंबरात ते डाकारहून रिओच्या दिशेने गेले आणि दक्षिण अटलांटिकमध्ये पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना बोअर मारीत चालले. प्रश्न साधा होता. बेसाल्टला अगदी चिकटून असलेला गाळ किती जुना? तळ खरोखर पसरत असेल, तर रांगेजवळ तो कोवळा आणि दूर जाऊ तसा म्हातारा असला पाहिजे. गाळातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून वय ठरवले आणि हिशेब जुळला. एका बाजूला वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर, म्हणजे दहा लाख वर्षांत वीस किलोमीटर. ज्या कल्पनेला लोक हसत होते ती खरी ठरली. हेच जहाज १९७२मध्ये अरबी समुद्रात आणि तांबड्या समुद्रातही बोअर मारून गेले.

त्यानंतरची कहाणी अर्धवट राहिलेल्या बोअरींची आहे. पॅसिफिकमध्ये कोस्टारिका रांगेजवळ १९७९मध्ये सुरू केलेली एक बोअर पुनःपुन्हा येऊन १९९३पर्यंत खणली. ती तळाखाली २,१११ मीटर गेली, लोड-तक्क्यांचा थर ओलांडून पुस्तकांच्या थरात शिरली आणि तिथेच थांबली. हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येला अटलांटिस बँक नावाच्या उंचवट्यावर गॅब्रो वरच उघडा पडला आहे. तिथली बोअर १९९७मध्ये १,५०८ मीटरवर असताना खवळलेल्या समुद्रात नळी तुटली आणि भोकातच राहिली.

आम्हाला सर्वांत आवडते ती २००५ची गोष्ट. पॅसिफिकमध्ये मध्य अमेरिकेच्या पश्चिमेला दीड कोटी वर्षांपूर्वी तळ फार वेगाने पसरत होता. वेग जास्त तर शिलारसाचे कोठार वर, म्हणजे खडीसाखरेचा थरही कमी खोलीवर सापडला पाहिजे, असा अभ्यासकांचा तर्क होता. त्यांनी आकडा आधीच सांगून ठेवला. गाळ संपल्यावर १,०२५ ते १,३०० मीटरच्या दरम्यान गॅब्रो लागेल. समुद्रावर एकूण पाच महिने आणि झिजून गेलेली पंचवीस पाती खर्ची पडली. गॅब्रो १,१५७ मीटरवर लागला. अखंड कवचात वरून खणत जाऊन या थराला पोचण्याची ती पहिली वेळ. आकडा आधी सांगायचा, मग खोटे ठरण्याची तयारी ठेवून खणायचे. विज्ञान म्हणतात ते याला.

आपल्या किनाऱ्यासमोरही बोअर झाली आहे. २०१५च्या एप्रिल-मेमध्ये जॉइडेस रेझोल्यूशन हे जहाज कोलंबोहून निघून अरबी समुद्रात काम करून मुंबईला आले. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक, धनंजय पांडे, गोव्याच्या संशोधन संस्थेतले होते. किनाऱ्यापासून सुमारे ४९० किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, हजार मीटरहून जास्त गाळ भेदल्यावर बेसाल्ट लागला. त्या भागातला तळ नेमका कसा बनला, यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे. वाद चालू आहे म्हणजेच नव्या मुलामुलींना काम शिल्लक आहे.

आणि मोहो? अखंड कवच पार करून तिथपर्यंत आजही कुणी पोचलेले नाही. मात्र २०२३मध्ये त्याच जहाजाने अटलांटिकच्या मध्यावर अशी जागा निवडली, जिथे कवच फाटून प्रावरणाचा दगड आपण होऊन वर आला आहे. अशा दगडात पूर्वी जेमतेम २०० मीटर खणता आले होते. या वेळी १,२६८ मीटर खणले, आणि दगडाचे लांबच लांब नमुने वर आले. त्या मोहिमेचे प्रमुख दोघे होते, अँड्र्यू मकेग आणि सुसन लँग. सुसन लँग या बाई आहेत. एके काळी मेरी थार्प यांना जहाजावर चढू न देणारे जग इथवर आले आहे. ते जहाज २०२४मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी चीनचे मंगश्यांग हे खोल बोअर मारणारे नवे जहाज कामावर रुजू झाले. जपानचे चिक्यू आधीपासून आहेच.

आता नानांचा प्रश्न. हे जाणून करायचे काय?

नाना, तळ एकीकडे नवा होतो, तर दुसरीकडे जुना तळ कुठेतरी गेलाच पाहिजे, नाहीतर पृथ्वी फुगत गेली असती. तो खोल चरांपाशी वाकून पुन्हा पोटात जातो. अरबी समुद्राच्या उत्तरेला, इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याखाली तो असाच जातो आहे. तो जाताना अडकतो आणि सुटतो तेव्हा धरणी हादरते. २८ नोव्हेंबर १९४५ला तिथे मोठा भूकंप झाला आणि समुद्राच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, माणसे वाहून गेली. २००४च्या डिसेंबरात सुमात्राजवळ हिंदी महासागराचा तळ असाच हलला आणि त्सुनामीने लाखांवर जीव घेतले. तळ कुठे जन्मतो, किती वेगाने सरकतो, कुठे बुडतो, हे ठाऊक असेल तरच कोणत्या किनाऱ्याने सावध राहायचे ते ठरते. तुमचे गाव त्याच समुद्रावर आहे. तुमचा मुलगा त्याच समुद्रावर कमावतो.

दुसरे असे की, तुमच्या नातीने ज्ञान मिरवायला प्रश्न विचारला नव्हता. मामू ज्या पाण्यावर सात-सात महिने काढतो, त्याखाली काय आहे हे तिला जाणून घ्यायचे होते. त्यात मामूची काळजीही असेल. बी.ए. वाईट नाही. पण ते तिने निवडले तर चांगले. जिला दगडाचे कुतूहल आहे तिला बारावीनंतर भूगर्भशास्त्राची पदवी घेता येते. मुंबईच्या आयआयटीत भूविज्ञानाचा विभाग आहे. समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे, तुमच्या जिल्ह्यापासून रेल्वेने एका दिवसाची वाट. गणित मात्र सोडू नकोस, असे तिला आमच्यातर्फे सांगा.

मामूंना एक काम. पुढच्या सफरीत जहाज एडनच्या आखाताकडे वळेल, तेव्हा नकाशावर खोलीचे आकडे पाहा. मधोमध आकडे कमी होत जातील, म्हणजे तळ वर येत जाईल. तीच पर्वतरांग. त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहून भाचीला पाठवा. तिच्या वहीत पहिली नोंद ती असू द्या.

आणि भगिनी, तुम्ही हे जेवणाच्या वेळी वाचून दाखवाल तेव्हा नानांना आमचा सलाम सांगा. ते काय म्हणाले, तेही जरूर लिहा.